अक्कांना बसमध्ये जागा नव्हती

धारवाडच्या भूशास्त्र परिषदेला मी गेले ते शेवटच्या दिवसाच्या फेरीसाठी. धारवाड-अळणावर रस्त्यालगतच्या ओढ्यातले लाल-काळ्या पट्ट्यांचे खडक बघायचे होते. कॉलेजात असताना ते मला आमच्या शिक्षिका सुमित्राअक्कांनी दाखवले होते. त्या जागेचा पहिला नकाशाही त्यांचाच. माझी पीएचडी तिथूनच सुरू झाली.

पुण्याहून रेल्वेने हुबळी गाठा आणि तिथून धारवाडची बस धरा. वाटेत नवनगर लागतं. अक्का तिथेच राहतात. मी उतरले तेव्हा त्या टोपी घालून, हातोडी घेऊन तयारच होत्या. आधी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खायला लावली, मग निघालो.

परिषदेच्या बसपाशी संयोजकांनी हात आडवा घातला. "मॅडम सध्या कुठल्या संस्थेत?"

"रिटायर झाले की हो," अक्का म्हणाल्या.

"मग जमणार नाही. बस प्रतिनिधींसाठी आहे."

बसमध्ये मागची बाकं रिकामी दिसत होती! मी सांगितलं, "तुम्ही जे दाखवायला निघालात, ते यांनी शोधलंय." ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." माझा आवाज चढला. अक्कांनी माझा दंड धरला. "राहू दे ग. तू जा, मी जाते घरी." त्यांचे डोळे मात्र अळणावरच्या रस्त्याकडे होते.

तेवढ्यात माझ्या गाईड राणे मॅडम पिशवी घेऊन खाली उतरल्या. "अक्का, अळणावरची लाल बस कुठे मिळते?" मागोमाग दोघी विद्यार्थिनी उतरल्या. मग बंगालचे एक प्राध्यापक. मग बरेच जण.

लाल बस खच्चून भरली. कंडक्टर ओरडला, "मुंदक्क होग्री, पुढे सरका!" शास्त्रज्ञ निमूटपणे सरकले.

ओढ्यात अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिकवत होत्या. खडकाच्या एका पट्ट्यावरून बंगालच्या प्राध्यापकांशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला आणि दोघं खूश झाले. परिषदेची बस आली, तेव्हा तिच्यातून संयोजक आणि चार माणसं उतरली.

संयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, "सॉरी हं, गैरसमज झाला." मी म्हटलं, "मला कशाला? त्यांना म्हणा." ते अक्कांकडे गेले नाहीत.

पुण्याला परतले तरी डोकं तापलेलंच आहे. आयुष्यभर मुलांना डोंगर वाचायला शिकवलेल्या बाईला 'संस्था कुठली' विचारता? अक्कांसाठी बसमधून उतरली ती माणसं, तीच त्यांची संस्था, आणि माझीही. त्यातल्या दोघी विद्यार्थिनी आता आपले खडकांचे नमुने घेऊन नवनगरला निघाल्या आहेत. अक्कांचा काल फोन आला. संयोजकांचा विषयही त्यांनी काढला नाही.

"त्या पोरी ज्वारीची भाकरी खातात ना ग?" एवढंच विचारलं.