‘थंड’ लिहिलेले कागद

हे किस्से मला नीट आठवतात असं छातीठोकपणे सांगवत नाही. पीएच.डी. केलेल्या माणसाला तळटीप नसली की अस्वस्थ वाटतं, आणि इथं साक्षीला आता कुणीच उरलेलं नाही. पण बीडच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो, आणि बातम्या संपल्या तरी किस्से उरायचे, एवढं नक्की. त्यातल्या एका कागदानं मला वर्षानुवर्षं छळलं. त्याचं पुढं काय झालं, हे विचारायचं धाडसच झालं नाही.

बातमीच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं ‘थंड’ लिहायची आमची पद्धत. आज नाही छापली तरी चालेल, अशी ती बातमी. कंपोझिटर रहीमभाई ती शिशाच्या अक्षरखिळ्यांनी जुळवून, सुतळीनं बांधून खिडकीजवळच्या फळीवर ठेवायचे. पानात जागा उरली की फळीवरची एक उचलायची!

पहिल्याच दिवशी मी संपादक अण्णांना विचारलं, "थंडची नेमकी व्याख्या काय?"

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर, आज न्हाई छापली तर कुणाचं काय बिघडतंय? कुणाचंच न्हाई? मग थंड!"

ते ‘कुणाचंच न्हाई’ मला कधीच खात्रीनं ठरवता आलं नाही.

*

पाटोद्याच्या एका पुढाऱ्याची भाषणं हमखास फळीवर पडायची. त्याच्याकडं कुणीतरी ही पद्धत फोडली. पुढच्या वेळी पठ्ठ्यानं स्वतःच लाल शाईनं ‘गरम’ लिहून भाषण पाठवलं!

रहीमभाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "साब, चहा असता तर तापवला असता. हे कशानं तापंल?"

*

अण्णांच्या मेहुण्यानं मिठाईचं दुकान उघडलं. मी बातमीवर ‘थंड’ लिहिलं. ती छापून आली तोवर दुकान बंद पडलं होतं!

मेहुणा ऑफिसात येऊन म्हणाला, "डॉक्टर, धंदा चालू होता तवा कुणी आलं न्हाई. आता लोक येऊन कुलूप बघून चाललेत!"

*

‘उकाड्याने नागरिक हैराण’ ही बातमी फळीवर कायमची बांधलेली. दर उन्हाळ्यात आकडा तेवढा बदलायचा. एका वर्षी मी ती लावली, आणि अंक एसटीनं मांजरसुंब्याला पोचला तेव्हा तिथं गारा पडत होत्या!

दुसऱ्या दिवशी तिथला ढाबेवाला मुद्दाम आला. "काल तुमचे नागरिक माझ्या टेबलाखाली बसलते. लई हैराण!"

 

*

आता तो कागद.

दुपारी एक बाई आली. तिचे म्हातारे वडील सकाळी बीडच्या स्टँडवर गर्दीत चुकले होते.

"त्यांला नाव सांगता येत न्हाई, सायेब. लगोलग छापा."

"याआधी कधी असे गेले होते?"

तिनं खरं ते सांगितलं. "दोनदा. आपले आपण आले."

मी ‘थंड’ लिहिलं.

रहीमभाईंनी कागद वाचला. मग माझ्याकडं पाहिलं. "बरं, साब," म्हणाले आणि खिळे जुळवायला लागले.

संध्याकाळी, उद्याच्या पहिल्या पानासाठी चर्चासत्रावरचा माझा लेख रहीमभाईंकडं देऊन, मी त्याच चर्चासत्रासाठी परगावी निघालो. बस निम्म्या वाटेवर असताना मला कळलं, आपण काय लिहून आलो ते! आठ दिवसांनी परतलो, तर फळीकडं काय, मधल्या अंकांकडंही बघायची हिंमत होईना. रहीमभाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्याचीच तर भीती. अण्णा गेले, रहीमभाई गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात कळलं, एका वाचनालयात त्या दैनिकाच्या बांधीव फायली आहेत. गेलो. बाईची बातमी दुसऱ्याच दिवशीच्या अंकात होती. पहिल्या पानावर, चौकटीत. त्या जागी खरं तर माझा चर्चासत्रावरचा लेख लागायचा होता. तिसऱ्या दिवशी चार ओळी होत्या: कोर्टासमोरच्या एका चहावाल्यानं अंक वाचून वडिलांना ओळखलं, लेक येऊन घेऊन गेली.

मग मी माझा लेख शोधला. त्या महिन्याची फाईल दोनदा चाळली, मग पूर्ण वर्षाची. तो कधीच छापलेला नव्हता.