ड्रममधली धूळ

पापडी गावच्या युजीन मिस्त्रीने माझ्या जीपचे ब्रेक तीस वर्षं सांभाळले. नव्या गाड्यांना तो हात लावायचा नाही. "त्यांना मिस्त्री नको, कॉम्प्युटर हवा," म्हणायचा. त्याचा जीव जुन्या गाड्यांच्या ड्रम ब्रेकवर. नवा ब्रेक-शू बसवला की चाक हाताने फिरवायचा आणि कान लावायचा. शूवरचा लायनर ड्रमला जेमतेम घासल्याचा आवाज आला की स्वारी खूश. त्याने बसवलेला ब्रेक कधी एका बाजूला ओढला नाही.

पण ड्रम उघडला की लायनर झिजून साठलेली काळी धूळ हा बाबा तोंडाने फुंकायचा. गाल फुगवून, एका दमात. मी चिडायचो, "अरे, ओलं फडकं घे!"

"ओल्याने लायनर भिजतो. फुंकरीसारखी सफाई नाही." मोठा शहाणा!

गेल्या वर्षी चर्चच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागायला लागली. मीच त्याला विरारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका नळीत फुंकायला सांगितलं. चाळीस वर्षं ड्रम फुंकणाऱ्याला नळीवरचा काटा धड हलवता आला नाही. जुन्या लायनरमधलं अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसात बसलंय, आता निघायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याचा रागही आला आणि रडूही.

युजीन शांत होता. बाहेर येऊन म्हणाला, "करावं तसं भरावं. माझं मी भरीन. रोझलिन धडधाकट आहे, तेवढं पुरे."

बायको धडधाकट आहे, एवढ्याच आधारावर त्याने वर्ष काढलं. मग ईस्टरनंतर रोझलिनचा खोकला थांबेना. दोघांनाही घेऊन गेलो. डॉक्टर तिचा एक्स-रे बराच वेळ बघत राहिले.

"तुम्हीही गॅरेजात काम करता?"

"मी? मी तर तिकडे फिरकतही नाही."

"मग धुळीशी कुठे संबंध येतो?"

रोझलिनने आठवून पाहिलं. "याचे कामाचे कपडे असतात ना, ते तसेच भिजवले तर नुसता काळा चिखल होतो. म्हणून लग्न झाल्यापासून रोज आधी मागच्या अंगणात झटकते. चांगले जोरजोरात." टापटिपीच्या बाईला वाटतो तसा अभिमान तिच्या आवाजात होता.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि युजीनकडे पाहिलं. युजीनने तिचा हात धरला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा दम पुरला नाही.