पाहुण्यांचं ऊट

म्हैसूरच्या बोगादीत, आमच्या गल्लीत फ्रिजात जिवंत किडे ठेवणारी बाई एकच, माझ्या शेजारच्या काकू. दह्याच्या भांड्यामागे ते पाकीट असायचं. आतल्या पावडरीत डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी. मातीत शिरून ते वांग्याची मुळं कुरतडणारी हुमणी अळी मारतात. काकू त्यांना ‘पाहुणे’ म्हणायच्या आणि त्याच फ्रिजातल्या दह्याची कढी मला वाढायच्या. कसली शिसारी यायची मेली!

पाहुण्यांचे लाड फार. त्यांना ऊन सोसत नाही, म्हणून दिवस कलल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. आधी वाफे भिजवायचे, मग पावडर पाण्यात कालवून झारीनं रोपांच्या बुडाशी घालायची. काकू गुडघे धरून उठायच्या आणि मातीलाच विचारायच्या, “ऊट आय्ता?” म्हैसुरात भेटेल त्याला ‘जेवण झालं का’ विचारतात ना, तसंच. मी हसले की म्हणायच्या, “सुम्ने, उगाच हसू नकोस गं. ते जेवले की कळतं. हुमणी विटेसारखी लाल होऊन मरते.”

आम्ही उकरून बघायचो. हुमणी आपली पांढरीफटक, गुबगुबीत, जिवंत.

काका गेल्यापासून मुलगा त्यांना बंगळूरला न्यायला टपला होता. रोज फोन. या वर्षी काकू वैतागल्या आणि बोलून बसल्या, “या खेपेला वांगी जगली तर मी इथंच राहणार. मेली तर येते तुझ्याकडे.” दिला शब्द फिरवणाऱ्यातल्या त्या नव्हेत. रोज संध्याकाळी पाणी, रोज तोच प्रश्न. झारी मीच उचलायची. खरं सांगते, मलाही कंटाळा आला होता. रोपं माना टाकतच राहिली. मुलगा गाडी घेऊन आला. “दमले गं,” एवढंच म्हणून काकू गाडीत बसल्या. मला संताप आला, पण काढणार कुणावर?

काकूंचं घर भाड्यानं गेलं. वाफा तेवढा माझ्याकडे राहिला. परवा सुकलेली रोपं उपटताना ढेकळातून हुमणी निघाली. मेलेली, विटेसारखी लाल. पुढच्या ढेकळात आणखी एक. कडेची काही रोपं तग धरून होती, त्यांना फुलं आली होती. मी तिथंच मातीत बसून रडले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. माझी चौकशी नाहीच.

“पाहुण्यांचं ऊट आय्ता?”

“आय्तु, काकू. हुमणी लाल निघाली. कडेची रोपं जगलीत.”

मग हळूच, “म्हणजे वांगी जगली ना गं? मग मी येऊ परत?”

समोर त्यांच्या अंगणात भाडेकरूंचे कपडे वाळत होते.

“या की,” मी म्हटलं.