घाटासाठी घेतलेला कॉम्प्युटर

डॉक्टरांनी अभिमनभाऊंचा डावा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. अभिमनभाऊ म्हणाले, "कोनती अक्षरं?"

एसटीच्या ड्रायव्हर लोकांची ती दरवर्षीची डोळेतपासणी होती. काचबिंदूनं उजवा डोळा कधी खाऊन टाकला, ते त्यांना कळलंच नव्हतं. डावा डोळा दोघांचं काम करत राहिला होता. धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूरला जाणारी गाडी ते कित्येक वर्षं चालवत होते. कोंडाईबारीचा घाट पाठ झालेला होता, त्यामुळे डोळा कमी पडला हे रस्त्यानंही कधी त्यांना जाणवू दिलं नाही. पण त्या दिवशी स्टिअरिंग हातातून सुटलं ते सुटलंच.

त्यांना धुळे स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये बसवलं. काम सोपं होतं. माईकसमोर बसायचं आणि कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचं. सकाळी ते स्वतःच्याच गाडीचं नाव पुकारायचे. मग ती खिडकीसमोरून जायची, आणि आत दुसराच कोणीतरी बसलेला असायचा.

धुळ्याच्या देवपुर भागातल्या त्यांच्या खोलीत वाट बघणारं कोणी नव्हतं. बायको तानुबाई आधीच काविळीनं गेली होती. मूलबाळ नव्हतं. साक्रीकडच्या गावात भाऊबंद होते; पण ड्रायव्हर म्हणून वाटेत उतरणं वेगळं आणि मुद्दाम जाऊन कोणाच्या ओट्यावर बसणं वेगळं. ड्यूटी संपली की ते स्टँडवरच रेंगाळायचे, आणि अंधार पडायच्या सुमारास घरी जायचे.

स्टँडसमोर लीलाधरचं एसटीडी बूथ होतं. त्यानं तिथं कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका काढून द्यायचा जोडधंदा सुरू केला होता. ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. गिऱ्हाईक नसलं की लीलाधर त्यावर एक खेळ खेळायचा: डोंगरातल्या रस्त्यानं मालट्रक हाकायचा. एका दुपारी अभिमनभाऊ त्याच्या मागे येऊन उभे राहिले. ट्रक वळणावर आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, गियर पाड ना!"

लीलाधर हसला आणि उठून त्यानं खुर्ची दिली. बटणं दाबून ट्रक चालवायचा हे अभिमनभाऊंना काही जमेना. ट्रक चार वेळा दरीत गेला. पण लीलाधरनं खाली पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबलेला होता.

"एका डोळ्यानं दिसतं का बरोबर?" लीलाधरनं विचारलं.

अभिमनभाऊंच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. खऱ्या रस्त्यावर समोरची गाडी किती लांब आहे, याचा अंदाज एका डोळ्याला येत नाही. इथं सगळंच काचेवर सपाट होतं. जे दोन डोळ्यांना दिसतं तेच एकाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते जळगावला गेले. तिथं स्टेशनजवळ खाजा नावाचा माणूस मुंबईहून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा, असं लीलाधरनं सांगितलं होतं. खाजा तिशीचा, पूर्वी टीव्ही दुरुस्त करणारा. गाळा इतका अरुंद की गिऱ्हाईक आलं की त्यानं स्टूल बाहेर सरकवायचं.

"मुलासाठी घेताय का, नाना?" त्यानं विचारलं.

"नही. मन्हासाठे."

खाजा हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कोणतं काम करायचंय त्याच्यावर?"

"ट्रक चालाडना शे. घाटमा."

मग खाजानं त्यांना एक-एक भाग हातात दिला. प्रोसेसर म्हणजे इंजिन. मेमरी म्हणजे सीटा, कमी असल्या की माणसं दारात लोंबकळतात आणि गाडी रखडते. हार्ड डिस्क म्हणजे टपावरचा माल. हे त्यानं अभिमनभाऊंसाठीच रचून सांगितलं होतं, आणि सांगताना त्याला स्वतःलाही मजा येत होती.

पैसे बेताचे होते. सगळं चांगलं मिळणार नव्हतं. एक घेतलं की दुसरं सोडावं लागणार होतं. पहिल्या खेपेला फक्त कॅबिनेट ठरलं. दुसऱ्या खेपेला खाजानं तोच खेळ दोनदा लावून दाखवला. एकदा साधाच, एकदा थ्रीडी कार्ड टाकून. साध्यात डोंगर ठोकळ्यांसारखा दिसत होता आणि वळणावर ट्रक अडखळत होता. कार्ड टाकल्यावर रस्ता पाण्यासारखा वळला. अभिमनभाऊ म्हणाले, "हाई लेनं पडी."

"मग इंजिन लहान घ्यावं लागेल."

"चाली. घाट लहान इंजिनवर बी चढस. ड्रायव्हरले सबूर पाहिजे."

मॉनिटर जुना चौदा इंची ठरला, कडेला जरा पिवळट पडलेला. साउंड कार्ड आणि स्पीकर मात्र पुढे कधीतरी घ्या, असं खाजा म्हणाला. तिथं अभिमनभाऊ अडून बसले.

"आवाज नही तं गियर कसा टाकसू? मी गियर आवाजवर टाकस."

खाजानं मेमरी निम्मी केली आणि आवाज बसवला. स्टिअरिंगसाठी पुन्हा एक खेप झाली. मुंबईहून प्लास्टिकचं चाक आलं, खाली दोन पेडल. अभिमनभाऊंनी ते टेबलाला आवळून फिरवलं. "हलकं शे," म्हणाले. पण हात काढला नाही.

खरं तर हे सगळं दोन खेपांत उरकलं असतं. अभिमनभाऊंनी त्याला पूर्ण पावसाळा लावला. दर सुट्टीला ते पारोळा, एरंडोल करत जळगावला जायचे आणि हार्ड डिस्कबद्दल विचारता विचारता संध्याकाळ व्हायची. खाजा चहा मागवायचा. त्याची माणसं सुरतेला होती, तो गाळ्याच्या मागेच झोपायचा. दोघं बोलत ते फक्त सुट्या भागांबद्दल. कोणी कोणाला घरचं काही विचारलं नाही.

शेवटी यंत्र तयार झालं. दुसरं काही ठरवायचं उरलं नाही. मॉनिटर मांडीवर घेऊन अभिमनभाऊ धुळ्याच्या गाडीत बसले. कंडक्टर धनसिंग ओळखीचा निघाला.

"काय शे भो ते?"

"टीव्ही शे," अभिमनभाऊ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं खेळणं घेतलंय, हे कसं सांगणार?

खोलीत ते यंत्र तानुबाईच्या लोखंडी पेटीवर बसलं. रोज संध्याकाळी अभिमनभाऊ ट्रक चालवायचे. रस्ते परदेशातले, गाड्या उजव्या बाजूनं जाणाऱ्या. पहिल्या दिवसांत ते सारखे समोरासमोर धडकले. हळूहळू जमलं. आंधळ्या वळणावर ते हॉर्न द्यायचे. पलीकडून कोणी उत्तर देत नसे. एकदा खेळातल्या रस्त्यावर पाऊस लागला, वायपर फिरू लागले, तेव्हा त्यांनी सवयीनं मान वर करून आरशात पाहिलं. बाजाराच्या दिवशी तानुबाई साक्रीहून त्यांच्याच गाडीनं यायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, आणि आरशात तिचा पदर दिसायचा. इथं आरसा नव्हता. मागे भिंत होती.

त्यांनी यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी लीलाधरच्या बूथवरून जळगावला फोन लावला.

"खाजाभाऊ, मेमरी वाढवनी का?"

"कुठं अडतंय का, नाना?"

"नही, अडत नही. तशेच इचारं."

असे फोन थंडीभर झाले. मग एकदा खाजाच म्हणाला, की गाळा सोडतोय, सुरतेला भावाबरोबर धंदा करणार आहे. "जाताना धुळ्याला उतरतो. तुम्हांला चालवताना पाहिलंच नाही मी कधी."

तो शुक्रवारी दुपारी आला, हातात एक पिशवी आणि जुनी अटॅची. अभिमनभाऊंनी वांगी भाजून भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी शेजारणीकडून करून घेतल्या होत्या. खाजा पोटभर जेवला. मग अभिमनभाऊ यंत्रापुढे बसले आणि खाजा त्यांच्या शेजारी, गादीवर भिंतीला टेकून.

ट्रक निघाला. अभिमनभाऊंनी सगळ्यात लांबचा घाट लावला होता. खाजा कार्डाबद्दल काहीतरी बोलत होता. चौथ्या-पाचव्या वळणानंतर त्याचं बोलणं बंद झालं. अभिमनभाऊंनी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. खाजाला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, पाय लांब पसरलेले. एसटीत दुपारी झोपतात, तसा तो बेफिकीर झोपला होता.

अभिमनभाऊंनी स्पीकरचा आवाज कमी केला. वेग उतरवला. वळणं अशी घेऊ लागले की खोलीत कोणाला गचका बसेल जणू. खेळात मागच्या गाड्या त्यांना ओलांडून गेल्या, वेळ संपल्याची पाटी लुकलुकली, पण ते थांबले नाहीत. उतार लागला तेव्हा ब्रेकवर पाय हलकेच टेकवून त्यांनी ट्रक पायथ्याशी आणला आणि तिथंच उभा केला. मग खाजा आपोआप जागा होईपर्यंत बसून राहिले.

"पोचलो का?" डोळे चोळत खाजानं विचारलं, आणि स्वतःच हसला.

"पोचलो," अभिमनभाऊ म्हणाले.

संध्याकाळच्या सुरत गाडीला ते त्याला सोडायला गेले. गाडी साक्री, कोंडाईबारीवरूनच जाणार होती. खाजानं खिडकीतून हात केला. सुरतेचा फोन नंबर देईन म्हणाला होता, तो द्यायचा राहिला. अभिमनभाऊंनीही मागितला नाही.

पुढे ते निवृत्त होईपर्यंत माईकसमोर बसले. यंत्र जुनं झालं, धुळ्यात कॉम्प्युटरची दुकानं झाली, तिथली पोरं तयार मशीन दाखवून दोन मिनिटांत किंमत सांगायची. अभिमनभाऊ एक-दोनदा जाऊन आले. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तसेच परत फिरले. घरचं यंत्र चालत होतं. संध्याकाळी पुष्कळदा ते घाट लावायचे, आणि सावकाश चालवायचे.