जावयाच्या सायकलीचं कॅरियर

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही अधूनमधून. पण सायकलीतलं मला कोणी शिकवायचं नाही. सावद्याला केळी कापणाऱ्या टोळीचा मी मुकादम, आणि एकच काळी सायकल लग्नाच्या आधीपासून माझ्या बुडाखाली. तिच्या कॅरियरवरून मी केळीचे घड आणले, पत्र्याची पेटी आणली, बाळंतपणाला बायकोला दवाखान्यात नेलं. माणूस आणि माल दोन्ही वाहते ती सायकल. बाकीची खेळणी.

त्या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, देवपुरात घर, एका खाजगी क्लासात कारकून. मला स्थळ पटलं ते एकाच गोष्टीसाठी. पोरगी बारावी पास, तिला पुढे शिकायचं होतं. फैजपूरचं कॉलेज जवळ, पण एसटी कॉलेजच्या वेळेची नव्हती, म्हणून वर्षभर घरी बसली होती. बैठकीत मुलाकडचे म्हणाले, "आमच्याकडे कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. मुलगा रोज सायकलवर सोडत जाईल." एवढ्या बोलण्यावर मी सुपारी फोडली. तेव्हाच त्यांनी लग्नात एक सायकल मागितली. मी म्हटलं, देतो. तिच्यावर बसून माझीच पोरगी कॉलेजला जाणार, मग नाही कशाला म्हणायचं?

साखरपुडा झाला आणि आठ दिवसांत निरोप आला. साधी सायकल नको. जाड टायरची, गियरची, शॉकअपवाली पाहिजे, डोंगरात चालवतात ती. कोणता डोंगर? लळिंगचा किल्ला सोडला तर धुळ्याच्या जवळ आहे काय, आणि क्लासातल्या कारकुनाचं तिथं काम काय? मला तिथूनच किळस यायला लागली. पण शब्द दिला होता. सायकलीसाठी वेगळे ठेवलेले पैसे घेतले, त्यावर एक रुपया चढवायचा नाही असं मनाशी ठरवलं आणि धुळ्याची एसटी धरली.

जावई दुकानाच्या पायरीवर उभा होता. केस पाण्यानं चापून बसवलेले, काळा चष्मा, तोंडात गुटखा. वाकला नाही. तोंड वर करूनच म्हणाला, "या आबा." बोलताना थुंकी सांडू नये म्हणून.

दुकानात नव्या रबराचा उग्र वास. सायकली अशा रंगाच्या की डोळे मिटून घ्यावेत. पोपटी, गुलाबी, वर इंग्रजीत विजेसारख्या रेघा. दुकानदार मात्र बोलका होता.

"आबा, हाई दखा. पुढे शॉकअप, मांगे शॉकअप. गादीवर बठेलसारखं वाटी."

मी बसलो. पायडल मारलं तर पाय खाली जायच्या आधी सायकलच खाली जाई. अर्धा जोर रस्त्याला, अर्धा स्प्रिंगला.

"हिला पायडल मारायचं का झोका द्यायचा?" मी विचारलं.

दुकानदार हसला. मागची चौकट वरखाली हलणारी, म्हणजे कॅरियर बसायला जागाच नाही. किंमतही माझ्या खिशाच्या बाहेर. ती गेली.

दुसरी जावयानं स्वतः ओढून आणली. "मी हीच बघून ठेवली होती, आबा. स्वस्तातही आहे." पुढच्या दोन्ही नळ्यांवर घड्याघड्यांचं काळं रबर. मी हँडल धरून अंगाचा सगळा भार टाकला. ती तसूभर दबली नाही. मग रबराची कड नखानं वर सरकवली. आत साधी नळी. स्प्रिंग नाही, काही नाही.

"ह्यात शॉकअप कुठं आहे?"

"ती नुसती दिखाडाले शे, आबा," दुकानदार म्हणाला. लाजलाही नाही.

मी जावयाकडे पाहिलं. तो रंगावरून बोट फिरवत होता. "दिसते तर तशीच ना," म्हणाला. अशा माणसाला काय बोलायचं? मी रबर खाली ओढलं आणि हात धोतराला पुसले.

तिसरी जरा बरी होती. पुढे खरा शॉकअप, दाबला की खाली जाई आणि सावकाश वर येई. मागचा भाग सरळ, घट्ट, काळ्या सायकलीसारखा. जोड तपासले, चाक फिरवून पाहिलं, डुलत नव्हतं. घासाघीस केली तर पैशात बसत होती. गल्लीत चालवून बघतो म्हटलं. तिथं माझी फजिती झाली. हँडलवरची गियरची काडी उलटी ओढली गेली, पाय हवेत गरगर फिरू लागले आणि मी उसाच्या रसाच्या गाड्यावर जाता जाता राहिलो. जावई पोट धरून हसला.

"आबा, ही केळीची गाडी नाही!"

मी गिळलं. गियर मला तेव्हा कळला नाही आणि आजही कळत नाही, ते खरं आहे. पण चौकट चांगली होती, ती मला कळत होती. हीच घ्यायची, म्हटलं. आणि दुकानदाराला सांगितलं, "हिला मजबूत कॅरियर बसवा. माणूस बसेल असं."

दुकानदार कॅरियर घेऊन आला तर जावयानं हात आडवा घातला.

"कॅरियर नको. शोभा जाते. दूधवाल्याची वाटेल."

"मग मागे बसायचं कुठं?"

"कोण बसणार आहे मागे?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "माझी पोरगी," म्हटलं. "तुमची बायको. कॉलेजला सोडणार ना रोज?"

तो हसला. दुकानदाराकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही. "आबा, तुम्ही पण. ते बैठकीत बोलायचं असतं. लग्न झाल्यावर घर कोण सांभाळेल, आई का? तिला कुठं जायचंय?"

आणि पायरीवर पचकन थुंकला. लाल ओघळ फरशीवरून खाली, मी काढून ठेवलेल्या चपलांपर्यंत आला.

आयुष्यात मी कुजलेल्या केळीच्या ढिगात हात घातले आहेत. टोळीच्या दारुड्यांच्या ओकाऱ्या धुतल्या आहेत. पण तशी शिसारी मला कधी आली नाही. मी चपला दुसऱ्या बाजूला सरकवल्या.

"कॅरियर बसवा," मी दुकानदाराला म्हटलं.

"आबा, सायकल माझी आहे," जावई.

"अजून माझी आहे. पैसे मी देतोय."

"बसवा मग. लग्नानंतर मी काढून टाकीन."

दुकानदार पाना घेऊन खाली बसला. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि चारही नट स्वतः हातानं आवळून पाहिले. जावई तेवढ्यात निघूनही गेला, मित्र थांबलेत म्हणाला. मी सायकल एसटीच्या टपावर बांधली आणि घरी आणली.

संध्याकाळी ओट्यावर बायकोला आणि पोरीला सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बायकोनं कपाळाला हात लावला.

"साखरपुडा झाला हाये. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

पोरगी सायकलीजवळ उभी होती. तिचं लग्न, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो.

"आबा, तो असंच म्हने? त्याच शब्दात?"

"त्याच शब्दात."

"मंग ती साडी मले घरात नको."

आत गेली, साखरपुड्याची साडी आणि अंगठी घेऊन आली, जुन्या पंचात बांधली आणि माझ्यापुढे ठेवली. मग सायकलीची सीट धरून म्हणाली, "दांडा आडवा येते. पन मी पंजाबी ड्रेस घालत जाईन. फैजपूर काही लांब नाही." बायको रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाचं गठुडं नव्या कॅरियरला सुतळीनं बांधलं आणि वरणगावला निघालो. हे स्थळ आणणारा माझा साडू तिथं राहायचा. गियरच्या काडीला हात लावला नाही, ती होती तशीच राहू दिली. तापीच्या पुलावर वाऱ्यानं दम काढला, पण उतरलो नाही. साडू दात घासत बाहेर आला, सायकल बघून खूश झाला.

"वा भाऊ! जावयाची ना? बसा, चहा टाकायला सांगतो."

मी सुतळी सोडली, गठुडं त्याच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "हे देवपूरला पोचवा. सायकल माझ्या पोरीची आहे." त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी न पिता सायकल फिरवली.