मुरगळलेला घोटा आणि बार्शीचा बर्फ

"हड्डी सलामत है," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या आत्यानं देवाला हात जोडले. पुढच्याच वाक्याला तिचा चेहरा पडला. "स्प्रेन है. इसकू शेकना नक्को."

निजामाचा अंमल होता तेव्हाची, धाराशिवच्या दवाखान्यातली ही गोष्ट. डॉक्टर हैदराबादकडचे. स्प्रेन म्हणजे सांध्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे ताणले जाणं. आपण त्याला मुरगळणं म्हणतो. मला हायसं वाटलं. मोडलं नाही ना, मग झालं!

आदल्या दिवशी घरावरच्या माळवदावर कुरडया वाळत घालून मी शिडीनं उतरत होते. पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकला, एक बाकी होती. घोट्यात कट्कन वाजलं. आई लहानपणीच गेलेली, घर आत्याच्या हातात. तिनं चुलीत वीट तापवली, एरंडाच्या पानांत गुंडाळली आणि घोट्यावर दाबली. पाय मुरगळला की वीट, हे आमच्याकडं ठरलेलंच. मीही दात आवळून सोसलं. सकाळी घोटा टम्म फुगला होता आणि पाय टेकवत नव्हता. आत्या म्हणाली, आता बिब्ब्याचे चटके देऊ. तेव्हा मात्र वडिलांनी टांगा बोलावला.

आत्याची घाई उगाच नव्हती. येरमाळ्याहून मला पाहायला माणसं यायची होती. आमच्यात तेव्हा नाव-गाव विचारून झालं की मुलीला चालून दाखवायला लावत. मी पाय ओढत चालले असते तर लंगडी म्हणून बोभाटा झाला असता. पाठच्या दोन बहिणींनाही त्याची झळ पोचली असती.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मार ताजा असतो तेव्हा आत रक्त-पाणी उतरत असतं, शेकलं की ते आणखी उतरतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस गार, आणि पाय उशीवर उंच. सूज ओसरली की शेक द्यायला हरकत नाही. "अम्मा, पहले ठंडा, बाद में गरम."

"आवं साब, गारठ्यानं पाय वातानं धरंल की!" आत्या म्हणाली. "बरफ सरबतात घालायचा आसतोय, पायावर न्हाय."

सरबतवाल्याकडचा बर्फ बार्शीहून यायचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी गाडी थांबली की निम्मा बर्फ पाणी होऊन, जकात न भरताच आमच्या राज्यात शिरायचा. उरलेल्यातला एक तुकडा वडील भुशात घालून घेऊन आले. बर्फ नुसता कातडीवर ठेवायचा नाही, फडक्यात गुंडाळायचा आणि थोड्या वेळानं काढायचा. आधी झोंबलं, मग बधिर झालं, मग ठणका गप्प बसला. बर्फ नसेल तेव्हा डेऱ्यातल्या गार पाण्याची पट्टी. आत्या पट्टी बदलायची आणि डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायची. दोन्ही कामं मनापासून.

सूज उतरली तशी डॉक्टरांनी शेकाची परवानगी दिली. आत्यानं जाडं मीठ तव्यावर गरम करून पुरचुंडी केली. आखडलेला घोटा सैल पडायला लागला. "बघ, आखेर गरमच लागलं!" ती म्हणाली. लागलंच होतं. पण आपल्या वेळेला. डॉक्टरांनी मात्र आणखी आठवडाभर पायावर भार द्यायला मनाई केली होती, आणि पाहुणे त्याच आठवड्यात आले.

प्रश्न विचारून झाले. मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाव, बाय."

आत्या कानाशी लागली. "दात आवळ आन् चाल. चार पावलं तर हायती."

मी उठले नाही. मुलाच्या आईकडं बघून म्हणाले, "पाय मुरगळलाय माझा. डॉक्टरनं चालायचं न्हाय म्हून सांगितलंय. आत्ता चालले तर जल्माची लंगडी व्हईन. आठ दिसांनी या, म्हणाल तेवढं चालते."

वडिलांनी मान खाली घातली. आत्यानं तोंडाला पदर लावला. सगळं मोडलं असंच मला वाटलं.

ती बाई उठून माझ्याजवळ आली. खाली बसून तिनं माझ्या लुगड्याचा काठ जरासा सारला आणि निळापिवळा घोटा पाहिला.

"आन् ह्या पायानं तुला मी चालवू व्हय?" ती म्हणाली. "बस पोरी. चालायला सारा जल्म पडलाय." मग तिनं माझी ओटी भरायला नारळ मागवला.

त्या माऊलीच्या घरी मी सुखानं नांदले. तो पाय पुन्हा कधी दुखला नाही. त्या डॉक्टरांचं नावही मला ठाऊक नाही, पण देवापुढं दिवा लावताना त्यांची आठवण होते. तुमचा कुणाचा पाय मुरगळला तर आधी गार, सूज ओसरल्यावर शेक. आणि पाय टेकवतच नसेल तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठा.

पुढं माझ्या लेकींना पाहायला माणसं आली. एकीलाही मी चालून दाखवू दिलं नाही, आणि त्यांचे पाय तर ठणठणीत होते.