झिऱ्यावरचं जलपूजन

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांकडे मी आजवर, लग्नात भाषण ठोकणाऱ्यांकडे बघावं तसंच बघत आलोय... कधी संपणार, एवढंच मनात. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

उन्हाळ्यात नाले पुन्हा जिवंत करणाऱ्या एका संस्थेत मी पाण्याची पातळी मोजतो. यंदा आमचा तळ शिंदखेड्याकडच्या एका गावात होता. नाला कोरडा ठणठणीत; पण वळणावर वाळूत बायांनी खोदलेला झिरा होता — खोलगट खड्डा, त्यात वाटीवाटीने पाणी पाझरायचं. वैशाखात सगळी वस्ती त्यावरच प्यायची. तो रोज उपसून स्वच्छ ठेवायच्या रखमाअक्का.

आमचे प्रमुख दादासाहेब. त्यांना जलपूजन हवं होतं, आणि तेही रस्त्यालगत, म्हणजे नेमकं त्याच वळणावर. फलक आधीच बसला होता. पाणी तेवढं यायचं होतं.

पोकलेनवाले सलीमभाई म्हणाले, "झिरा सोडून खोदतो ना, दादासाहेब. पुढे जागा आहे."

"पुढे पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?"

अक्का झिऱ्यापाशी येऊन बसल्या. दादासाहेब हसले. "अक्का, अख्खा नाला देतोय तुम्हाला. खड्डा काय धरून बसलात?"

"नाला तुना तुले ऱ्हाऊ दे. मना झिरा सोड."

कार्यकर्त्यांनी त्यांना धरून बाजूला नेलं. पोकलेन चाललं, खालचा मुरूम फुटला आणि झिऱ्याचं पाणी बघता बघता जिरून गेलं. अक्का काठावरून शांतपणे म्हणाल्या, "आते तुना हातमा पानी ऱ्हावाव नही, भाऊ."

पूजेचा तांब्या टँकरच्या पाण्याने मी स्वतः भरला. दादासाहेबांनी तो कलता केला... थेंब नाही. आतून कोरडा. टाळ्या मात्र वेळेवर वाजल्या. घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी सलीमभाईंच्या हातातली बाटली घेतली. सलीमभाई तीतूनच पीत होते. तीही रिकामी.

पुढे जळगावला दादासाहेबांच्या घरीही तेच. नळाला हात लावला की धार थांबायची. वहिनी तोंडात ओतायच्या तेव्हा कुठे दोन घोट मिळायचे. मी भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला आणि लगेच परत घेतला — तळसुद्धा ओला नव्हता. डॉक्टरांनी त्यांचे हात तपासले. हात ठणठणीत निघाले.

शेवटी मला घेऊन ते अक्कांकडे गेले. अक्का लांबच्या विहिरीवरून हंडा आणत होत्या. आता वस्तीला तेवढीच विहीर उरलीय.

"चुकलं, अक्का. सोडवा यातून."

अक्कांनी हंडा उतरवला. तांब्याभर पाणी सावकाश प्यायल्या. मग घरातून रिकामा हंडा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पानी लांब शे. तू भरी आण. मंग पाहू."

तेव्हापासून ते गावातच राहतात. हंडा मी भरतो, कारण त्यांनी दोर ओढला तर पोहरा रिकामा येतो. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ते निघतात, मी मागोमाग. बाष्पीभवन, गळती, सांडलवंड, सगळं तपासून झालं. वाट कोरडी, हंडा शाबूत, आणि पाणी कुठे जातं ते मला आजही सांगता येत नाही.

वस्तीतल्या बाया ओट्यावर बसून वाट बघतात. अक्का हंड्यात वाकून बघतात, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणतात, "परत जाय."